पायांना चैन नाही : प्रौढांमधील ‘आरएलएस’च्या उपचारांचा आढावा

रात्रीचे साडेअकरा. घरात निजानीज झालेली. एक बाई अंथरुणाला पाठ टेकते आणि पाच-दहा मिनिटांत उठून बसते. पोटऱ्या दाबते, तेल चोळते, जुन्या ओढणीची पट्टी गुडघ्याखाली करकचून बांधते आणि पुन्हा पडते. शेवटी अंथरूण सोडून पडवीतल्या गार शहाबादी फरशीवर अनवाणी येरझाऱ्या घालू लागते. चालत असेपर्यंत बरे वाटते, टेकले की पुन्हा तेच. दुखतंय का विचारले तर म्हणते, “दुखत नाही गं, पण राहवत नाही.” पहाटे कधीतरी डोळा लागतो आणि तोवर उठायची वेळ झालेली असते.

अशी बाई किंवा असा बाप्या आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिलेला असतो. या त्रासाला वैद्यकात ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’, थोडक्यात आरएलएस म्हणतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्याच्या उपचारांचा क्रम जवळजवळ उलटा झाला आहे. एकेकाळी जे पहिले औषध होते ते आज मागच्या रांगेत गेले आहे आणि जे दुय्यम मानले जाई ते पुढे आले आहे. हा बदल कसा झाला, आज कोणत्या भूमिका आहेत, काय अनिर्णित आहे आणि अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात, म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्यात, त्याचा अर्थ काय, हे या लेखात क्रमाने पाहू.

१. आजार ओळखायचा कसा

आरएलएस ओळखणारी एकच एक तपासणी नाही. ना एक्स-रे, ना रक्ताचा अहवाल. निदान होते ते रुग्णाच्या सांगण्यावरून, म्हणून शब्द महत्त्वाचे. आपल्याकडे लोक म्हणतात, पाय शिवशिवतात, नसा ओढतात, पोटऱ्यांत वळवळ होते, हाडात काहीतरी सरपटते. काही जण नुसतेच “पाय दुखतात” म्हणतात आणि वेदनाशामक गोळी घेऊन घरी येतात.

आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने ठरवलेले निकष पाच आहेत. पाय हलवण्याची अनावर ओढ असते. विश्रांतीत ती सुरू होते किंवा वाढते. हालचाल केल्यावर, निदान चालत असेपर्यंत, ती कमी होते. संध्याकाळी आणि रात्री जोर जास्त असतो. आणि हे सगळे दुसऱ्या एखाद्या कारणाने पूर्णपणे उलगडत नाही. हा पाचवा निकष नीट तपासावा लागतो. पायात गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा घट्ट होतो. इथे तसे होत नाही. मधुमेहातल्या मुंग्या आणि जळजळ दिवसाही असते आणि चालल्याने जात नाही. फुगलेल्या शिरांचा ठणका उभे राहिल्याने वाढतो. बसल्या बसल्या पाय हलवण्याची सवय, जिच्यावरून घरातली वडील माणसे “पाय हलवू नको, दारिद्र्य येतं” म्हणून रागावतात, ती वेगळी. तिच्यामागे ही असह्य ओढ नसते.

त्रास स्थिर बसण्याशी बांधलेला असल्याने तो दिसतोही तिथेच : सप्ताहात कीर्तनाला मांडी घालून बसल्यावर, एसटीच्या रात्रीच्या लांब प्रवासात, सलाइन लावून खाटेवर पडल्यावर.

२. साडेतीनशे वर्षांची मागची वाट

इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी 1672 मध्ये अशा रुग्णांचे वर्णन लिहून ठेवले. अफूच्या अर्काने त्यांना आराम पडतो, हेही त्यांनी नोंदवले. त्यानंतर हा आजार बराच काळ ‘मनाचा खेळ’ या सदरात पडून राहिला. स्वीडनचे मज्जाविकारतज्ज्ञ कार्ल-ॲक्सेल एकबोम यांनी 1945 मध्ये त्यावर स्वतंत्र प्रबंध लिहिला आणि आज रूढ असलेले नाव दिले. रक्तातले लोह कमी असलेल्यांत आणि गरोदर स्त्रियांत हा त्रास जास्त दिसतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. 1950 च्या दशकात स्वीडनमध्येच नॉर्डलँडर यांनी शिरेतून लोह देऊन रुग्ण बरे होत असल्याचे नोंदवले. म्हणजे आज नवा वाटणारा उपचार सत्तर वर्षांपूर्वीच दारात उभा होता.

पण वाट दुसरीकडे वळली. 1982 मध्ये तुर्कस्तानचे सेवकेत अकपिनार यांनी कंपवातावर दिले जाणारे लेव्होडोपा हे औषध आरएलएसमध्ये झटपट गुण देते असे कळवले. रात्री गोळी, त्याच रात्री झोप. पुढची तीस वर्षे उपचारांवर या शोधाची छाया राहिली.

३. लोह आणि डोपामिन : एकाच दोरीचे दोन पीळ

मेंदूत डोपामिन नावाचे रसायन हालचालींचे नियमन करते आणि ते तयार होण्यासाठी लोह लागते. 2000 आणि 2001 मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अर्ली आणि ॲलन यांच्या गटाने दाखवले की, आरएलएसच्या रुग्णांत मेंदूभोवतीच्या द्रवातले, लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन कमी असते आणि मेंदूच्या ठरावीक भागातले लोहही कमी असते. महत्त्वाचे हे की, काहींचे रक्तातले लोह पुरेसे असूनही मेंदूत ते तोकडे पडते. कोठार भरलेले, पण चुलीपर्यंत दाणा पोचत नाही, असा हा प्रकार आहे.

2007 मध्ये या आजाराशी जोडलेली पहिली जनुके सापडली आणि आनुवंशिकतेचा वाटा पक्का झाला. आई, मावशी, आजी यांना हाच त्रास असल्याचे अनेक रुग्ण सांगतात ते उगीच नाही. मूत्रपिंडाचा जुना आजार, गरोदरपण आणि लोहाची कमतरता ही इतर मोठी कारणे. काही औषधेही त्रास वाढवतात : सर्दी-खाजेवरच्या गुंगी आणणाऱ्या जुन्या गोळ्या, उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड, नैराश्यावरची बरीच औषधे आणि मनोविकारांवरची काही औषधे. म्हणून उपचाराची पहिली पायरी नवी गोळी सुरू करण्याची नसून आधीच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करून पाहण्याची आहे.

४. डोपामिनच्या औषधांचा काळ आणि उलटलेला परिणाम

लेव्होडोपानंतर रोपिनिरोल आणि प्रामिपेक्सोल ही डोपामिनचीच औषधे आली. अमेरिकेत त्यांना आरएलएससाठी अनुक्रमे 2005 आणि 2006 मध्ये मान्यता मिळाली. त्यांच्या बाजूचा मुद्दा आजही खरा आहे : सुरुवातीला ती उत्तम काम करतात, लवकर करतात आणि चाचण्यांत त्यांचा गुण स्पष्ट दिसला आहे. वर्षानुवर्षे न झोपलेल्या माणसाला एका रात्रीत झोप मिळते, ही लहान गोष्ट नव्हे.

अडचण पुढे येते. 1996 मध्ये ॲलन आणि अर्ली यांनी लेव्होडोपा घेणाऱ्यांत एक विचित्र प्रकार नोंदवला, त्याला ‘ऑगमेंटेशन’ म्हणतात. रात्री दहाला सुरू होणारा त्रास संध्याकाळी सहाला, मग दुपारी सुरू होतो. पायांपुरता असलेला हातांत चढतो. बसल्यावर पूर्वीपेक्षा लवकर गाठतो. डॉक्टर मात्रा वाढवतात, चार दिवस बरे वाटते आणि आजार आणखी पुढे सरकतो. आग विझवायला घातलेले पाणीच तेल ठरते. लेव्होडोपात हे फार मोठ्या प्रमाणात होते. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोलमध्ये दरवर्षी साधारण 7 ते 8 टक्के रुग्णांची त्यात भर पडत जाते. शिवाय काहींना जुगार, बेफाट खरेदी किंवा खाणे यांचा न आवरणारा सोस लागतो. घरच्यांना तो स्वभावातला बिघाड वाटतो आणि त्याचा गोळीशी संबंध कोणी जोडत नाही.

५. गॅबापेंटिन गट पुढे येतो

2014 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीने पारडे फिरवले. 719 रुग्णांवर 52 आठवडे चाललेल्या या अभ्यासात प्रीगॅबालिन आणि प्रामिपेक्सोल यांची तुलना केली गेली. ऑगमेंटेशन प्रीगॅबालिनवर 2.1 टक्के, तर प्रामिपेक्सोलच्या दोन मात्रांवर 5.3 आणि 7.7 टक्के. गुण मात्र तोलामोलाचा. 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटांनी प्रीगॅबालिन ज्यात मोडते त्या गॅबापेंटिन गटाला पहिली पसंती देण्याकडे कल दाखवला. अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीने 2025 च्या जानेवारीत छापलेल्या मार्गदर्शिकेत गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन एनाकार्बिल यांची ठाम शिफारस केली. रोपिनिरोल, प्रामिपेक्सोल, लेव्होडोपा यांचा नेहमीचा वापर टाळावा, असे सशर्त सुचवले.

‘सशर्त’ हा शब्द इथे सोडून चालणार नाही. ती बंदी नाही. थोड्या काळासाठी, कमी मात्रेत, धोका समजून घेऊन ही औषधे निवडणाऱ्या रुग्णाला जागा ठेवलेली आहे. ज्यांचे हे औषध आधीच चालू आहे त्यांनी ते आपल्या मनाने एकदम थांबवू नये. त्याने त्रास उसळतो. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते.

गॅबापेंटिन गटही निर्दोष नाही. चक्कर, दिवसा गुंगी, वजन वाढणे, पायांवर सूज हे त्याचे त्रास. म्हातारी माणसे रात्री मोरीकडे जाताना पडण्याची भीती असते. मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा कमी करावी लागते. 2019 मध्ये ब्रिटनने गैरवापरामुळे ही औषधे नियंत्रित यादीत टाकली आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने श्वास मंदावण्याच्या धोक्याचा इशारा दिला. म्हणून काही डॉक्टर विचारतात, एका गटाच्या अनुभवावरून शिकून आपण दुसऱ्या गटावर तसाच भरवसा टाकत आहोत का? प्रश्न रास्त आहे; त्याचे उत्तर दीर्घकाळाच्या पाहणीतूनच मिळेल.

६. लोह : गोळी की सलाइन

आजच्या घडीला बहुतेक सगळे एका मुद्द्यावर एकत्र आहेत : आरएलएसच्या प्रत्येक रुग्णाचे लोह तपासावे. तपासायचे ते मात्र नुसते हिमोग्लोबिन नव्हे. शरीरातला लोहाचा साठा फेरिटिनवरून कळतो आणि त्याच्या जोडीला ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन पाहतात.

इथे एक कागद जवळून पाहू. समजा, एका बाईचे हिमोग्लोबिन 12.4 आहे, म्हणजे पंडुरोग नाही. फेरिटिन 22. प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत ते बसते, म्हणून शेरा ‘नॉर्मल’. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढात 15 च्या खालीच कमतरता मानते. पण आरएलएसच्या रुग्णासाठी रेष वेगळ्या ठिकाणी ओढली आहे : फेरिटिन 75 किंवा त्याखाली, अथवा सॅच्युरेशन 20 टक्क्यांखाली असेल तर लोह द्यावे, तोंडाने किंवा शिरेतून. 75 ते 100 असेल तर गोळीचा उपयोग होत नाही, शिरेतूनच द्यावे. म्हणजे जो कागद पाहून “काही नाही, रिपोर्ट चांगला आहे” म्हणून बाईला घरी पाठवले, त्याच कागदात तिच्या आजाराचा उपाय लिहिलेला असू शकतो. आणखी एक पेच असा की, शरीरात कुठे सूज किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटेच वर जाते. तपासणी सकाळी, लोहाची गोळी आदल्या दिवसापासून बंद ठेवून करावी.

गोळी स्वस्त आहे, पण फळ यायला दोन-तीन महिने लागतात. चहासोबत घेतली तर लोह अंगी लागत नाही. आपल्याकडे सकाळचा चहा आणि गोळी नेमक्या एकाच वेळी येतात. लिंबाचे सरबत किंवा आवळा सोबत चांगला. एका दिवसाआड घेतल्यास शोषण सुधारते आणि पोटाची कुरकुर कमी होते, असे स्वित्झर्लंडमधील अभ्यासांनी दाखवले आहे.

शिरेतून द्यायच्या लोहात फेरिक कार्बोक्सिमाल्टोजची शिफारस ठाम आहे. एका बैठकीत 1000 मिलिग्रॅम देता येते. पण परिणाम दिसायला चार ते बारा आठवडे लागू शकतात, हे आधी सांगितले नाही तर रुग्ण निराश होतो. वारंवार दिल्यास काहींच्या रक्तातले फॉस्फेट घटते. आयर्न सुक्रोजचे चित्र वेगळे : 2009 मधली एक नियंत्रित चाचणी गुण न दिसल्याने मध्येच थांबवावी लागली. डायलिसिसवरच्या, लोह कमी असलेल्या रुग्णांसाठी मात्र त्याची सशर्त शिफारस आहे.

७. उरलेले मार्ग

सगळे करून थकलेल्या, विशेषतः ऑगमेंटेशनमध्ये अडकलेल्या रुग्णांसाठी कमी मात्रेतील ओपिऑइड (अफूवर्गीय) औषधे हा मार्ग आहे. 2013 मध्ये युरोपात ऑक्सिकोडोन आणि नॅलोक्सोन यांच्या संयुक्त गोळीची चाचणी यशस्वी झाली. समर्थक म्हणतात, अशा रुग्णांत मात्रा वर्षानुवर्षे कमीच राहते. विरोधक व्यसन, बद्धकोष्ठ आणि झोपेतल्या श्वासाच्या धोक्याकडे बोट दाखवतात. दोघांच्याही हाती पुरावा आहे. आपल्याकडे 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा आणि मोजक्याच ठिकाणची उपलब्धता यांमुळे हा मार्ग व्यवहारात अरुंद आहे. ट्रॅमाडॉलही 2018 पासून त्याच कायद्याखाली आहे आणि त्याने स्वतःच ऑगमेंटेशन झाल्याची उदाहरणे आहेत.

डायपिरिडॅमोल या जुन्या औषधाने 2021 च्या एका छोट्या चाचणीत आशा दाखवली. क्लोनाझेपामने झोप येते, पण पायांची ओढ जात असल्याचा पुरावा कच्चा आहे; नव्या मार्गदर्शिकेने त्याविरुद्ध सशर्त मत दिले आहे. पोटरीच्या बाजूच्या नसेला विजेची सौम्य उत्तेजना देणाऱ्या पट्ट्याला अमेरिकेत 2023 मध्ये परवानगी मिळाली.

औषधाविनाच्या उपायांत नियमित, बेताचा व्यायाम, रात्रीचा चहा आणि दारू टाळणे, झोपेची वेळ सांभाळणे यांचा फायदा होतो. मालीश, गरम-गार पाण्याचा शेक आणि घट्ट पट्टी यांनी तात्पुरता आराम पडतो. म्हणजे सुरुवातीच्या त्या बाईची ओढणी चुकीची नव्हती. ती रात्र निभावते, कारण मात्र तसेच राहते.

८. आपल्या जिल्ह्यात याचा अर्थ

क्षेत्रफळाने राज्यातला हा सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुक्यांचा. लोणीला प्रवरा वैद्यकीय संस्था आणि विळद घाटात विखे पाटील वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण अकोले तालुक्याच्या डोंगरातून किंवा जामखेडच्या टोकाहून मज्जाविकारतज्ज्ञ गाठणे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे. म्हणून उपचारांचा उलटलेला क्रम इथे दिलासा देणारा आहे : पहिली पायरी तज्ज्ञाची नाही, ती आहे नीट विचारलेला प्रश्न, औषधांची झडती आणि रक्ताची एक तपासणी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019–21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांत पंडुरोग आढळला. चौथ्या फेरीत हे प्रमाण 48 टक्के होते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांतल्या बाया सहा-सहा महिने गावाबाहेर असतात. दोन-तीन महिने चालवायची लोहाची गोळी अशा हंगामात सुटते. तिथे एका बैठकीचे सलाइन अधिक सोयीचे ठरेल काय, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमामुळे शिरेतले लोह गरोदर स्त्रियांसाठी सरकारी व्यवस्थेला परके राहिलेले नाही.

जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने, फारशी न शिकलेली गावातली बाईही उत्तम आरोग्य कार्यकर्ती होऊ शकते, हे दाखवून दिले. आरएलएस तिच्या आवाक्यातला आजार आहे. “संध्याकाळी टेकल्यावर पायांत असं काही होतं का, की चालल्यावरच बरं वाटतं?” एवढ्या एका प्रश्नाने बराचसा छडा लागतो, आणि तो प्रश्न बाईने बाईला विचारला तर उत्तर लवकर मिळते.

९. काय अनिर्णित आहे

पहिले कोडे आपल्या देशाचे. युरोप-अमेरिकेत 5 ते 10 टक्के प्रौढांत आरएलएस आढळतो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेंगळुरूच्या पाहणीत हे प्रमाण 2.1 टक्के निघाले. जिथे लोहाची कमतरता इतकी, तिथे हा आजार कमी कसा? जनुकांतला फरक, मेंदूतले आणि रक्तातले लोह यांतले अंतर, की प्रश्न विचारताना वापरलेले शब्द? तिन्ही शक्यता उभ्या आहेत.

दुसरे, 75 आणि 100 या रेषा प्रामुख्याने पाश्चात्त्य रुग्णांवरून ठरल्या. आपल्याकडे निरोगी दिसणाऱ्या अनेक स्त्रियांचे फेरिटिन त्याहून बरेच खाली असते. मग रेष तीच ठेवावी का? एक बाजू म्हणते, रुग्णाला त्रास आहे आणि लोह कमी आहे, एवढे पुरे. दुसरी म्हणते, स्थानिक अभ्यासाशिवाय शिरेतले लोह सर्रास देऊ नये.

तिसरे, स्वस्त आणि सहज मिळणारे आयर्न सुक्रोज वेगळ्या मात्रेत, वेगळ्या रुग्णांत उपयोगी पडेल का, हे पक्के ठरलेले नाही. चौथे, गॅबापेंटिन गट दहा-वीस वर्षे घेतल्यावर काय होते, याची माहिती तोकडी आहे. पाचवे, गरोदरपणात लोहापलीकडे सुरक्षित औषध कोणते, यावर ठोस पुरावा कमी आहे. सुदैवाने बाळंतपणानंतर बहुतेकींचा त्रास ओसरतो.

या सगळ्यांत ज्यावर वाद उरलेला नाही ते लक्षात ठेवू. हा त्रास मनाचा खेळ नाही. तो ओळखायला यंत्र लागत नाही. फेरिटिन पाहिल्याशिवाय उपचार सुरू करू नयेत आणि लवकर गुण देणारी गोळी नेहमी लांब पल्ल्याची सोबतीण नसते. पडवीत फिरणाऱ्या त्या बाईने ओढणीची गाठ रोज रात्री स्वतःच मारली. निदान एकदा तरी तिला कोणीतरी समोर बसवून विचारावे, नेमके काय होते आणि केव्हा होते. तिचा उपचार तिथूनच सुरू होतो.